राइलीची दचक

आमच्या कोर्पीवारा गावात राइली सोर्मुनेनइतकी भित्री बाई दुसरी नव्हती, आणि नेमक्या याच गुणावर तिला नोकरी मिळाली होती.

ओइवा कुइक्काचं वर्कशॉप म्हणजे मुळात त्याच्या बापाचा गोठा. गाई विकल्यावर ओइवाने तिथे दोन लेथ मशिनं आणून बसवली आणि शिकारीच्या रायफलींच्या नळीला लावायचे सायलेन्सर करायला लागला. बाहेरच्या जगात सायलेन्सर म्हटलं की लोकांना मारेकरी आठवतात म्हणे. आमच्याकडे कान आठवतात. गावातल्या साठीपुढच्या निम्म्या पुरुषांना बायकोने जेवायला मारलेली हाक ऐकू येत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना ती ऐकू येते पण ते कबूल करत नाहीत. सगळ्यांचे कान रायफलीने खाल्लेले.

राइली तिथे आली ती नळकांडी पुसायला आणि खोक्यात भरायला. नवरा नुकताच वारलेला, मुलगी काइसू शाळेत. पहिल्याच दिवशी ओइवाने गोठ्यामागे एक गोळी झाडून पाहिली आणि राइलीच्या हातून कॉफीचे चार कप, बशा आणि वेलदोड्याच्या पावाची अख्खी लादी जमिनीवर गेली. दुसऱ्या दिवशी नवा सायलेन्सर लावून त्याने पुन्हा झाडली. कप फक्त खळखळले. ओइवाने कपांकडे पाहिलं, मग राइलीकडे, मग आपल्या आवाजाच्या मीटरकडे. त्या मीटरसाठी त्याने जवळपास गाडीइतके पैसे मोजले होते.

"मीटर आकडा सांगतं," तो म्हणाला. "पण त्याला भीती वाटत नाही. हिला वाटते."

तेव्हापासून रीतच पडली. गावामागच्या खडीच्या खाणीत फळीवर मीटर ठेवायचं. फळीवर राइलीची जुनी पांढरी चादर अंथरायची, म्हणजे पडलेले स्क्रू शेवाळात हरवत नाहीत. रायफलीचं तोंड चादरीच्या कडेला येईल असं ओइवाने बसायचं आणि समोरच्या मातीच्या दरडीत गोळ्या झाडायच्या. राइलीने शेजारच्या स्टुलावर बसून आकडे लिहायचे. तोवर दोघांच्याही कानांवर जाड आवरणं असत. शेवटच्या गोळीला मात्र राइलीने आपली काढून ठेवायची आणि डोळे मिटायचे. ओइवा कधी चाप ओढणार ते तिला कळता कामा नये. ती किती दचकली ते बघून ओइवा ठरवायचा. नुसते खांदे हलले तर माल दुकानात, स्टुलावरून उठली तर परत लेथवर.

कान वाचवायच्या धंद्यात एका बाईचा कान रोज उघडा ठेवायचा, यातला शहाणपणा आज कुणी विचारला तर आम्हाला खाली बघावं लागतं. तेव्हा ते कुणालाच खटकलं नाही. उलट गावाला त्याचं कौतुक होतं. शिकारखात्याचा एक साहेब एकदा खाणीत आला होता, त्यालाही ओइवाने मीटर राहू दे, राइली बघ, असंच सांगितलं.

राइलीचा आणखी एक लौकिक होता. कधी कधी सायलेन्सरच्या आतली एखादी चकती केसभर तिरकी बसते आणि जाता जाता गोळी तिला घासते. तेव्हा धडाक्याच्या पोटात एक बारीक आवाज येतो, काचेवर सुई ओढल्यासारखा. मीटरला तो कळत नाही. ओइवाला तर मुळीच कळत नाही, त्याचे कान ऐन तरुणपणी सैन्यात गेलेले. दहा वर्षांत राइलीने दोनदा हात वर करून म्हटलं होतं, "याच्यात चर्र झालं." दोन्ही वेळा ओइवाने तो तुकडा करवतीने उभा चिरला, आणि दोन्ही वेळा आत चकचकीत ओरखडा निघाला. असा तुकडा पुढे वापरला तर चकती एकदम उलटी वळते. मग एक तर नळकांडं फुटून उडतं, नाहीतर गोळी अशी वळते की कुणाच्या अंगात शिरेल ते सांगता येत नाही.

आणि दहाव्या वर्षी, फेब्रुवारीत, राइलीची दचक गेली.

गोळी सुटली हे तिला कळलं. पण तो आवाज शेजारच्या गावात कुठेतरी झाल्यासारखा आला आणि अंग जागचं हललंच नाही. डोळे मिटलेलेच होते. "बापरे," असा विचार तिच्या मनात आला, आणि मग, अर्धा क्षण उशिराने, तिने खांदे उडवले. ओइवा रायफल खाली ठेवत होता. त्याला काही उमगलं नाही.

त्या रात्री तिने घड्याळ आधी डाव्या कानाला लावलं, मग उजव्या. उजव्या कानाला घड्याळ बंद पडलेलं होतं.

इथे तिच्या वडिलांची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर वाचणारा म्हणेल, कान गेला तर गेला, त्यात लपवण्यासारखं काय आहे. ह्यूगो सोर्मुनेन हा कोर्पीवारातला सगळ्यात चांगला नेमबाज आणि सगळ्यात बहिरा माणूस. राइली सात वर्षांची असताना वसंतात तळ्याच्या बर्फावरून त्याच्या मागे चालली होती आणि बर्फ फुटून काखेपर्यंत आत गेली. बाप तीस पावलांवर पाठमोरा उभा राहून मासेमारीचं भोक पाडत होता. ती ओरडली. "बाबा" म्हणून इतकी ओरडली की घशातून रक्ताची चव आली. बाप भोक पाडत राहिला. शेवटी मुस्ती कुत्र्याने त्याच्या विजारीला धरून ओढलं तेव्हा तो वळला. राइली वाचली. पण माणूस इतका जवळ उभा असून नसल्यासारखा असू शकतो, ही भीती तेव्हापासून तिच्या पोटात बसली ती बसलीच. बापावर तिचा राग नव्हता. आपण त्याच्यासारखं होण्याची तिला दहशत होती.

म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेली नाही. ती लोकांच्या उजवीकडे उभी राहायला शिकली, म्हणजे बोलणारा तिच्या डाव्या हाताला येई. ओठ बघायला शिकली. न ऐकलेल्या वाक्याला "हो, बघ ना" असं म्हणायला शिकली, आणि आमच्याकडे निम्म्या बोलण्याला तेवढं उत्तर पुरतं. खाणीत तर ती पापण्यांच्या फटीतून मीटरच्या चौकटीतला आकडा बघायची आणि आकड्याच्या मानाने दचकायची. जास्त आला तर जास्त, कमी आला तर कमी. सहा महिने हे सोंग चाललं. 

ऑगस्टमध्ये ओइवाने नवं मॉडेल काढलं. दोन वर्षं तो त्याच्या मागे होता. त्यापायी त्याने सुट्ट्या सोडल्या, बायकोशी भांडण काढलं, आणि सौनात वाफ घेतानासुद्धा भिंतीवर ओल्या बोटाने चकत्यांचे आकार काढत बसायचा. वजनाला निम्मं, लांबीला वीतभर. पहिले दहा तुकडे चादरीवर मांडून त्याने राइलीकडे पाहिलं. पहिला मुलगा शाळेत सोडताना माणूस जसा बघतो, तसा तो बघत होता.

एकेका तुकड्याची शेवटची गोळी झाली. आकडे खरोखरच चांगले होते. पण राइलीने या वेळी आकडे बघितलेच नाहीत, तिने ओइवाचा चेहरा बघितला. दहाही वेळा ती दगडासारखी स्थिर बसून राहिली.

ओइवाने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "दहाच्या दहा," तो म्हणाला. "राइली, दहाच्या दहा. चर्र नाही, काही नाही?"

"काही नाही," राइली म्हणाली. ते खरंच होतं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

चादरीची घडी घालून तिने ती खोक्यात ठेवली. दहा तुकडे तेलकट कागदात गुंडाळून प्रत्येकाला सुतळीची आपली ती दुहेरी गाठ मारली. ओइवाच्या मालाची ओळखच ती गाठ होती. घरी येऊन तिने दाराला कडी लावली आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडली. हुंदक्यांचा आवाज तिला एकाच बाजूने येत होता.

नव्या मॉडेलचे पहिले दहा तुकडे दुकानात जात नाहीत, गावच्या शिकारी टोळीला मिळतात. हे ओइवाने पहिल्या वर्षापासून पाळलं होतं. मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या सांबराच्या, शिकारीचा हंगाम शनिवारी उघडायचा. त्याआधी गुरुवारी सगळे शिकारखोपीत जमले. कुणी कुठल्या जागेवर उभं राहायचं याच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि मग लाकडी पेटीत न बघता हात घालून एकेकाने सायलेन्सर उचलला. टोळीप्रमुख तौनो, स्वतः ओइवा, बाकीचे सातजण आणि दहावी काइसू. काइसू आता सत्तावीस वर्षांची होती, तालुक्याच्या गावी नर्स होती आणि टोळीतली एकुलती बाई. तिला सहा नंबरची जागा आली, दलदलीच्या कडेची. तिने पुडकं उचललं आणि तसंच खिशात टाकलं.

शुक्रवारी सगळ्यांनी मैदानात नेम जुळवले. काइसू आली नव्हती. घरच्या कुरणातच मारून बघते, असं तिने कळवलं होतं. तौनोची एक गोळी लक्ष्याच्या हातभर डावीकडे गेली.

"चष्मा बदल, तौनो," ओइवा म्हणाला. "मूसऐवजी पाद्रीबुवांना आडवं करशील."

"पाद्रीबुवा दलदलीत कशाला येतील?"

"तुझ्या नेमाला घाबरून लपायला."

सगळे हसले. तौनोने चष्मा शर्टाला पुसला. राइली कॉफी ओतत होती, तिला विनोद कळला नव्हता, पण सगळे हसले म्हणून तीही हसली.

शनिवारी सकाळी खोपीत राइली एकटीच होती. टोळी पहाटेच आपापल्या जागी गेली होती आणि तिच्याकडे जेवणाचं काम होतं, मटणाचं सूप आणि पिराके, म्हणजे भात भरलेल्या करंज्या. टेबल नागडं दिसत होतं, म्हणून तिने वर्कशॉपच्या खोक्यातली ती पांढरी चादर बरोबर आणली होती. गवतावर पांढरं दव गोठलेलं, खिडकीतून कोवळं ऊन आत आलेलं. तिने चादर उलगडून झटकली.

काळ्या चुलीवर काहीतरी चमकलं.

तिने वाकून बोटाच्या टोकाने उचललं. तांब्याचा कीस होता, नखाच्या कडेइतका. मग दुसरा सापडला. मग चादरीच्या घडीत अडकलेला तिसरा.

ऑगस्टनंतर खाणीत चाचणी झालीच नव्हती आणि ती चादर कुणी उघडली नव्हती. खाणीत जाण्याआधी राइलीने स्वतः ती धुतली होती. तांबं म्हणजे गोळीचं आवरण, आणि त्याचा कीस निघायला गोळी कशाला तरी घासावी लागते.  एकाच सायलेन्सरमधून तीन कीस निघाले, की तीन वेगवेगळ्यांतून एकेक? तौनोची हातभर चुकलेली गोळी तिला आठवली, आणि आपलं ते हसणंही. चष्म्यात काहीच बिघाड नव्हता. काइसूच्या नळीवर त्यातलाच एक असेल तर? तिने काल कुरणात मारून बघितलं तेव्हा नशिबाने काही झालं नसेल. आज सायलेन्सर तिच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर असेल आणि तिचा गाल रायफलीला टेकलेला असेल.

भिंतीवर टोळीचा बिनतारी रेडिओ टांगलेला होता. खोपीतला रेडिओ ऐकण्यासाठी, बोलण्यासाठी नाही. हाका सुरू झाला, कुत्री जनावर हुसकायला सुटली, की तौनो आणि कुत्रेवाले सोडून कुणीही तोंड उघडायचं नाही, हा टोळीचा पहिला नियम. तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी बायकोने ऐन हाक्यात बटाटे किती सोलू म्हणून रेडिओवर विचारलं. मूस पळाला. त्या बाईला गावात अजून बटाटा म्हणतात. पण राइलीला त्याची भीती नव्हती. तिने एक वाक्य बोललं की दुसरं बोलावं लागणार होतं. तुला कसं कळलं नाही, राइली? तुझा कान कुठे होता? आणि ते उत्तर दहाजणांच्या कानात एकाच वेळी जाणार होतं, शिवाय पलीकडच्या गावची टोळीही त्याच पट्ट्यावर ऐकते.

ती रेडिओसमोर उभी राहिली. सांगायला हवं हे तिला माहीत होतं. तरी तिने सूप ढवळलं. झाकण ठेवलं. पुन्हा काढलं. माणूस किती घाबरला की असली कामं करतो हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. कदाचित आज मूस उठणारच नाही, असंही तिने स्वतःला समजावून पाहिलं.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. ती आपोआप डावीकडून जवळ गेली. तौनोचा आवाज होता, दबका. "कुत्र्यांनी उठवलाय. मोठा आहे. दलदलीकडे निघालाय. पाच, सहा, तयार राहा."

सहा म्हणजे काइसू.

राइलीने रेडिओ खुंटीवरून ओढून काढला आणि बटण दाबलं.

"राइली बोलतेय. कुणी गोळी झाडू नका. नवे सायलेन्सर काढा, सगळ्यांनी काढा. आत गोळी घासतेय. मी पास केले ते खोटं होतं. माझा उजवा कान गेलाय. फेब्रुवारीपासून गेलाय. मला चर्र ऐकूच आलं नसतं. ओइवा, मी सोंग करत होते. काढा ते. काइसू, काढ."

बटण सोडून तिने रेडिओ कानाला लावला.

काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

तिने पुन्हा बटण दाबलं आणि पुन्हा तेच सांगितलं, या वेळी ओरडून. पुन्हा कानाला लावला. शांतता. तिच्या पायाखालची खोपीची जमीन गेली आणि ती काखेपर्यंत थंड पाण्यात उतरली, समोर पाठमोरा बाप. "काइसू," ती ओरडली, "काइसू, काढ तो." बटण दाबताना रेडिओ निसटला आणि पडता पडता तिने तो डाव्या हाताने पकडला. तसाच डाव्या कानाशी नेला.

"...राइली, ऐकू आलंय. राइली, ओरडू नकोस बाई, ऐकू आलंय सगळ्यांना. केव्हापासून सांगतोय." तौनो होता. इतका वेळ ती घाईत, जुन्या सवयीने, रेडिओ उजव्या कानाला लावत होती. "सगळ्यांनी सायलेन्सर काढा. काढला की नंबर सांगा. मी तौनो, काढला."

"एक, काढला."

"दोन, काढला." हा ओइवा होता. आवाज असा, की त्याने अजून काही ऐकलंच नाही.

"तीन."

"चार, काढतोय, घट्ट बसलाय, हं, काढला."

"पाच, काढला."

मग कुणीच बोललं नाही. राइली डावा कान रेडिओला दाबून उभी राहिली, इतका दाबून की नंतर दोन दिवस तिथे वळ होता.

"सहा," तौनो म्हणाला. "काइसू. सहा नंबर."

"सात, काढला," भलताच कुणीतरी मध्ये बोलला.

"गप्प बस. सहा नंबर, काइसू, ऐकतेस का?"

मूस पुढ्यात आला की रेडिओ बंद करायचा, हे तौनोनेच काइसूला शिकवलं होतं. पोरगी आज्ञाधारक.

आणि मग दलदलीच्या बाजूने आवाज आला.

राइली दचकली. पायाच्या नखापासून दचकली. तिच्या कोपराने सुपाचा डाव चुलीवर उडाला, रेडिओ हातातून सुटला, दात एकमेकांवर आपटले. सोंग नव्हतं, ठरवलेलं नव्हतं, उशिराने नव्हतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचं अंग तिला न विचारता हललं. ती टेबलाला धरून उभी राहिली आणि त्या आवाजाचा विचार करू लागली, कारण दहा वर्षं तिने दुसरं केलंच काय होतं. खिडकीची काच अजून झणझणत होती. टेकड्यांनी तो आवाज दोनदा परत पाठवला होता. सायलेन्सरमधून निघालेली गोळी एवढ्या लांबून काच हलवत नाही.

नळी उघडी होती. काइसूच्या नळीवर काहीही नव्हतं.

राइली जमिनीवर बसली, पाठ चुलीच्या विटांना लावून. रेडिओवर बारीक आवाजात काइसू म्हणाली, "सहा. पडलाय. पण तुम्ही सगळे मला का हाका मारताय?"

दुपारी टोळी खोपीत आली.  मूस सोलायला टांगून झाल्यावर ओइवाने सगळे सायलेन्सर टेबलावर मांडले, त्याच पांढऱ्या चादरीवर, आणि विजेरी घेऊन एकेकाच्या आत बघू लागला. तौनोचा बघताना तो थांबला. त्याने तो पुढे सरकवला. आतली एक चकती पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखी उचकटली होती.

"अजून एक गोळी," ओइवा म्हणाला. "फार तर दोन."

"म्हणजे माझा चष्मा बरा आहे," तौनो म्हणाला. पण तो खाली बसला आणि पाणी मागितलं.

ओइवा राइलीसमोर येऊन उभा राहिला. तो मुद्दाम तिच्या डावीकडे उभा राहिला आणि त्यामुळेच तिला जास्त लागलं.

"कान गेला, ते मला कळतं," तो म्हणाला. "माझ्याच स्टुलावर गेला. त्याचं जे काय द्यायचं ते मी देईन. पण तू माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसलीस, राइली. मी दोन वर्षं घालवली, आणि तू मला बरं वाटावं म्हणून गप्प बसलीस."

"हो," राइली म्हणाली.

"मला तुझी भीती हवी होती. दया नको होती."

 ओइवा बाहेर जाऊन लाकडं फोडू लागला. फोडायची लाकडं शिल्लक नव्हती तरी फोडत होता.

अंगणात काइसू रायफल पुसत होती. राइली तिच्याजवळ गेली. "मी रेडिओवर सांगितलं म्हणून काढलास ना?"

काइसूने खिशातून पुडकं काढून आईच्या हातावर ठेवलं. तेलकट कागद तसाच होता. सुतळीची दुहेरी गाठ तशीच होती, राइलीने ऑगस्टमध्ये मारलेली.

राइलीने गाठीवरून अंगठा फिरवला. 

परत जाताना गाडी राइलीनेच चालवायला घेतली, हाताला काही काम हवं म्हणून. आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो, म्हणजे काइसू तिच्या उजव्या हाताला होती. पहिला मैलभर राइली मान वळवून वळवून बोलत होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"फेब्रुवारीपासून," काइसू मोठ्याने म्हणाली. "किटली शिट्टी मारत होती, आणि तू तिच्या शेजारी उभी राहून शांतपणे खिडकीबाहेर बघत होतीस. मी नर्स आहे, आई."

"मग बोलली का नाहीस? मला नाही, तर निदान ओइवाला. तौनोचं काय झालं असतं आज?"

काइसू काचेतून समोर बघत होती. तिचे ओठ हलले. रस्ता वळणाचा होता, राइलीला रस्त्यावरून नजर काढता आली नाही. काहीच ऐकू आलं नाही.

"हो, बघ ना," असं तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं.

तिने गाडी कडेला घेतली, थांबवली, इंजिन बंद केलं आणि पूर्ण वळून मुलीकडे तोंड केलं.

"मला ऐकू आलं नाही. परत सांग."

काइसूचा चेहरा वाकडा झाला, लहानपणी रडू येण्याआधी व्हायचा तसा. "मी म्हटलं, घाबरले होते. मी सांगितलं असतं तर तू घरी बसली असतीस, आजोबांसारखी, भिंतीकडे बघत. म्हणून गप्प बसले. तौनोकाका मेला असता आणि मी गप्प बसले असते, आई."

राइलीने किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"तू चालव," ती दार उघडून खाली उतरत म्हणाली. "म्हणजे तू माझ्या डाव्या बाजूला येशील."